गिलाव्याआडचा गंज

गेल्या महिन्यात चेंबूरकडच्या एका भगिनीचे पत्र आले. पत्र लहान, पण त्यातला प्रश्न मोठा. त्या लिहितात, "दादा, आमची खोली चाळीत पहिल्या मजल्यावर आहे. बांधकाम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी मोरीजवळच्या छताला गिलावा करून घेतो. पुढचा पावसाळा आला की तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली येतो. मालक म्हणतो, वरची माणसे पाणी सांडतात. मिस्त्री म्हणतो, सिमेंट हलके लागले. यात खरे कोण बोलते?"

ताई, दोघेही अर्धेच खरे बोलतात. पूर्ण खरे सांगणारा तिसराच आहे आणि तो गिलाव्याच्या आड बसला आहे. तो म्हणजे सळईवरचा गंज. हा गंज जोपर्यंत तसाच आहे तोपर्यंत तुम्ही कितीही चांगले सिमेंट आणा, गिलावा पडणारच. आज याच विषयावर चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण मुंबईपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत आपली बहुतेक घरे समुद्राच्या हवेत आहेत, आणि हे दुखणे घरोघरी आहे.

आम्ही काही इंजिनिअर नाही. कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आमचा जन्म चालला आहे. पण या विषयाची फी आम्ही रोख भरली आहे. ती कशी, ते आधी सांगतो.

आमचे वडील मुंबईत गोदीत कामाला होते. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. वाडीत सगळी घरे जांभ्या चिऱ्याच्या भिंतींची आणि वर कौले. १९८८ साली वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले आणि कौले उतरवून स्लॅब टाकायचे ठरवले. त्या काळी स्लॅबचे घर म्हणजे माणूस वर आला, असे सारे मानीत. ज्यांच्या आज्याला गावात पक्के घर बांधू दिले नव्हते, त्यांच्या नातवाने स्लॅब टाकली याचे वाडीला कौतुक होते. आम्ही तेव्हा लहान होतो. स्लॅबच्या दिवशी सगळी भावकी रांगेत उभी राहून घमेली देत होती, ते आजही डोळ्यांसमोर आहे.

पण त्या दिवशी काय काय झाले, ते आता कळते. रेती खाडीतली होती. होडीने आली, स्वस्तात मिळाली, कुणी धुतली नाही. पाणी किनाऱ्याजवळच्या विहिरीचे, मचूळ. सळया सेंट्रिंगच्या फळ्यांवर जवळजवळ टेकवूनच बांधलेल्या. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिस्त्रीने त्यात पाणी ओतून ओतून तो पिठल्यासारखा पातळ केला. वडिलांची रजा संपली आणि ते तिसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने मुंबईला परतले. स्लॅबवर पाणी मारायचे काम आजीवर आले. तिने दोन-तीन दिवस डोक्यावरून हंडे वाहिले. मग तिचीही कंबर गेली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. अज्ञान मात्र सगळ्यांचे होते.

पंधरा वर्षांनी, २००३ साली, छताला भेगा दिसल्या. भेगा वेड्यावाकड्या नव्हत्या, तर पट्टीने रेघ मारावी तशा सरळ, ठरावीक अंतरावर. काही ठिकाणी तांबूस डाग. गवंडी बोलावला, त्याने गिलावा केला, घर नवे दिसू लागले. २००९ साली पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी आम्ही अकरा हजार रुपये दिले, तेही पतपेढीतून काढून. २०१६ च्या जून महिन्यात एका रात्री मागच्या खोलीतल्या छताचा सुपाएवढा तुकडा आईच्या खाटेवर पडला. वीज गेली होती, उकाडा फार होता, म्हणून आई ओटीवर येऊन निजली होती. केवळ म्हणून ती वाचली. सकाळी खाटेवरचा तो ढिगारा पाहिला तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटेना.

त्यानंतर तालुक्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरना बोलावले. त्यांनी फावड्याच्या दांड्याने सगळे छत ठोकून पाहिले. कुठे 'टण' असा भरीव आवाज येई, कुठे मडक्यासारखा पोकळ. पोकळ आवाज येईल तिथे ते खडूने गोल करीत. संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीचे छत खडूने भरून गेले. एका ठिकाणी फोडून दाखवले तर आठ मिलिमीटरची सळई पेन्सिलीच्या टोकासारखी झालेली. ते एवढेच म्हणाले, "तुम्ही जखम धुतलीच नाहीत. नुसत्या पट्ट्या बांधत आलात."

आता हे होते कसे, ते समजून घेऊ. समजले की पुढचे सगळे सोपे आहे.

चांगले काँक्रीट हे चुन्यासारखे अल्कधर्मी असते. त्यातल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो असेपर्यंत लोखंड गंजत नाही. म्हणजे काँक्रीट हे सळईचे नुसते अंथरूण नाही, तिचे औषधही आहे. हे औषध दोन कारणांनी संपते. एक, हवेतला कर्बवायू वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि त्याची अल्कता कमी करतो. तो सळईपर्यंत पोहोचला की संरक्षण संपले. दुसरे, मीठ. खाऱ्या हवेतून, खाऱ्या रेतीतून किंवा खाऱ्या पाण्यातून आलेले मीठ सळईवरचा तो थर जागोजाग भेदते. काँक्रीट बाकी धडधाकट असले तरी मीठ आपले काम करते. शहरात बहुधा पहिले कारण, किनाऱ्यावर दुसरे, आणि आपल्या मुंबईत दोन्ही एकत्र.

पुढे ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा त्याला आत मिळत नाही, म्हणून तो खालचे काँक्रीट ढकलतो. म्हणूनच भेग सळईच्या रेषेत पडते. म्हणूनच पोपडा निघतो. तेव्हा वाचकांनी हे पक्के लक्षात ठेवावे की पोपडा हा रोग नाही, तो रोग कळवणारा निरोप आहे. निरोप्याचे तोंड गिलाव्याने बंद केले म्हणून रोग जात नाही.

मग खरी दुरुस्ती कशी असते? आम्ही ओव्हरसियरांच्या देखरेखीखाली पुढची खोली करून घेतली, त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, पाणी वरून बंद करा. गच्चीचा उतार, तुंबलेले नळे, वरच्या मोरीचा किंवा संडासाचा गळका पाइप, छज्जावर उगवलेला पिंपळ, यांचा बंदोबस्त आधी. वरून गळत असताना खालून केलेली दुरुस्ती म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे.

दुसरी गोष्ट, टेकू. फोडण्याआधी छताला खालून भक्कम टेकू द्यावेत आणि त्या खोलीत माणसांनी झोपू नये. दोन दिवसांची गैरसोय नको म्हणून लोक हे टाळतात. ते जिवावर बेतते.

तिसरी, सुटलेले सगळे काँक्रीट काढणे. नुसते लोंबणारे नव्हे, पोकळ वाजणारे सगळे. सळईच्या खालचेच नव्हे, तर तिच्या मागे बोट फिरेल इतके. सळई सगळ्या बाजूंनी मोकळी झाली तरच तिच्या मागचा गंज निघतो. ज्या मिस्त्रीला हे नको असते तो म्हणतो, "एवढे फोडायची गरज नाही." अशा वेळी आपण म्हणावे, "गरज आहे."

चौथी, सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करणे. ती फार झिजली असेल तर शेजारी नवी सळई बांधणे. किती झिजली म्हणजे फार, आणि नवी सळई कुठपर्यंत न्यायची, हे इंजिनिअरने ठरवायचे. ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये. त्यानंतर गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याचा सांधा धरणारा लेप, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल थराथराने भरायचा. साध्या गिलाव्यापेक्षा हा माल महाग असतो, पण तो जुन्या काँक्रीटला धरून राहतो आणि पाणी कमी पितो. पाचवी गोष्ट, या मालावरही डब्यावर लिहिल्याप्रमाणे ओल राखणे आणि शेवटी बाहेरच्या बाजूला चांगला रंग. बाहेरचा रंग हा शोभेसाठी नाही. तो हवा आणि मीठ अडवतो.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मूळ मालातच मीठ असेल तर ही दुरुस्ती कायमची नसते. खराब तुकडा काढून नवा बसवला की त्याच्या कडेच्या जुन्या भागात गंज जोर धरतो, कारण मीठ तिथे आहेच. म्हणून आमच्या मागच्या खोलीच्या बाबतीत ओव्हरसियरांनी स्पष्ट सांगितले की दुरुस्तीत पैसे घालू नका, स्लॅब उतरवा. वडील तेव्हा हयात होते. ज्या स्लॅबसाठी त्यांनी फंड रिकामा केला ती उतरवायची, हे त्यांना फार लागले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माणसापेक्षा स्लॅब मोठी नाही." आज त्या खोलीवर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर मंगलोरी कौले आहेत. आई तिथेच निजते. कुणाला यात कमीपणा वाटत असेल तर वाटो.

आता ज्यांना जुन्या घरावर नवी स्लॅब, गॅलरी किंवा छज्जा करायचा आहे त्यांच्यासाठी. आपल्या देशात काँक्रीटचे एक सरकारी मानक आहे, आयएस ४५६. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत लोखंडी काँक्रीटला एम १५, म्हणजे आपले जुने एक-दोन-चार, चालत असे आणि साध्या परिस्थितीत स्लॅबच्या सळईखाली १५ मिलिमीटर काँक्रीट पुरे मानीत. २००० च्या आवृत्तीने हे बदलले. किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला 'तीव्र' वर्गात घातले आणि त्यासाठी किमान एम ३०, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट, याहून जास्त पाणी नाही, असे ठरवले. अर्ध्या इंचाहून थोडे जास्त असलेले कव्हर पावणेदोन इंचांवर गेले! यावरून आपली १९८० च्या दशकातली घरे आज का सोलत आहेत ते कळावे. एम ३० चा माल मिस्त्रीच्या अंदाजाने होत नाही. त्याचे प्रमाण इंजिनिअरकडून लिहून घ्यावे.

बाकीचे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

पाणी मोजा. पन्नास किलोच्या गोणीला ०.४५ च्या हिशेबाने साडेबावीस लिटर पाणी होते, आणि रेती ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरायचे. पंधरा लिटरची बादली घेऊन मालाजवळ घरातले एक माणूस उभे करा. दीड बादलीच्या पुढे मिस्त्रीचा हात गेला की थांबवा. जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्याच वाटेने मीठ आत येते.

पिण्याजोगे नसेल ते पाणी काँक्रीटमध्ये घालू नका, वरूनही मारू नका. मचूळ विहीर जवळ आहे म्हणून तिचा मोह नको. रेती खाडीची नको. नदीची किंवा चाळून घेतलेली क्रश सँड वापरा.

सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवा. खडीचे तुकडे किंवा लाकडाच्या चिपा नकोत. दहा-बारा दिवस आधी घरच्या घरी साच्यात ब्लॉक पाडून पाण्यात ठेवता येतात. हे काम आमच्या भावजयीने आणि मुलांनी केले.

छज्जा आणि गॅलरी यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माल टाकताना मजूर तिच्यावरून चालले की ती खाली दबते आणि छज्जाची ताकद जाते. असा छज्जा पुढे पूर्वसूचना न देता कोसळतो. म्हणून चालायला फळ्या टाका. छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवायला सांगा. पावसाचे पाणी तिथेच ठिबकते, आत छताला ओघळत येत नाही.

आणि पाणी मारणे. मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटला किमान दहा दिवस सांगते. आपण चौदा धरा. पोझोलाना आणि स्लॅग सिमेंट किनाऱ्यावर मिठाला चांगले तोंड देतात, पण त्यांना ओल जास्त दिवस लागते. स्लॅबवर मालाची आळी करून पाणी साठवा, खांबांना ओली गोणपाटे गुंडाळा. म्हणूनच कोकणात स्लॅबचे काम नोव्हेंबर ते जानेवारीत घ्यावे. मे महिन्यात सुट्टी असते खरी, पण विहिरी तळाला गेलेल्या असतात. आणि ज्या मुंबईकराची रजा तीन दिवसांची आहे त्याने स्लॅब टाकण्याआधी चौदा दिवस पाणी कोण मारणार हे ठरवावे. भावकीला जेवण घालता, तसे पाणी मारणाऱ्यालाही रोज द्या. आमच्या आजीच्या कंबरेवर आम्ही जे वाचवले, ते पुढे कितीतरी पटींनी भरले.

आणखी एक. जुन्या स्लॅबवर नवे ओझे टाकताना दहादा विचार करा. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यातल्या पाण्याचेच वजन हजार किलो. गळती थांबावी म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालत जाणारे कमी नाहीत. आधीचा काढल्याशिवाय दुसरा घालू नये.

शहरातल्या वाचकांना कायद्याची बाजूही ठाऊक हवी. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला देणे बंधनकारक आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. ऑडिटच्या अहवालात सी-१ असे आले तर इमारत धोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ ए आणि सी-२ बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिल्यात काही भाग रिकामा करून, दुसऱ्यात न करता. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही अक्षरे आपल्याला वाचता आली पाहिजेत. तपासणीला इंजिनिअर आला की त्याच्याबरोबर फिरा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर तो एक द्रावण मारतो. रंग गुलाबी झाला तर काँक्रीटची अल्कता शाबूत आहे. रंग आलाच नाही तर ती गेली. हे शाळेतल्या मुलालाही समजते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या, काँक्रीटच्याच. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत आपल्या पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमध्ये घरे मिळाली. आनंदाची गोष्ट आहे. पण टॉवरही काँक्रीटचाच आहे आणि समुद्र तिथेच आहे.

शेवटी आमच्या धंद्यातली एक गोष्ट. हिशेबात यंत्रावर आणि इमारतीवर दरवर्षी घसारा मांडतात, म्हणजे वस्तू किती झिजली ते वहीत लिहितात. आपण घर बांधतो आणि घसारा विसरतो. सोसायटीच्या उपविधीत दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड सांगितला आहे. हेच माप गावच्या घरालाही लावा. दहा लाखांच्या घराला वर्षाला दहा हजार. पोस्टात दरमहा साडेआठशे रुपयांचे आवर्ती खाते उघडले तरी ते जमते. नवरा-बायकोने मिळून ठरवले तर अवघड नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी. या वेळी दिवाळीला गिलाव्याचे पैसे देऊ नका. आधी चाळीतल्या चार घरांनी एकत्र येऊन वरच्या मोरीचा पाइप तपासून घ्या. मालकाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. इंजिनिअरची फी चौघांत वाटून घ्या. तोवर त्या छताखाली मुलांचे अंथरूण घालू नका. आमच्या आईला त्या रात्री उकाड्याने वाचवले. दर वेळी वीज जाईलच असे नाही.